ब्रेकपर्यंत ठीक होतं

बाबा गेल्यावर त्यांचा जुना पिकअप माझ्या नावावर झाला. अकोट्यातल्या आमच्या नर्सरीची माती, कुंड्या, खत, सगळं त्यातूनच आलं-गेलं. मी गाडी शिकले तीही त्याच्यावर, डभोई रोडला. पुढे तिघांची सलग सीट, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. मी बुटकी; सीट पुढे ओढायची, पाठीला उशी लावायची आणि निघायचं. वीस वर्षं असंच चाललं. इतरांना तो खटारा वाटे. मला तो चालवताना कुणाचीच भीती वाटायची नाही.

बदलायचं खूळ नवऱ्याचं. शहराबाहेर रविवारी मोकळ्या मैदानात शंकू मांडून, घड्याळ लावून गाड्या पळवतात. तिथे तो आधी नुसता बघायला जायचा, मग त्याला उतरायचंच होतं. मी म्हटलं, ब्रेक नवे घाल, टायर बदल आणि थांब. तेवढं मलाही हवं होतं. तो हो म्हणाला.

ब्रेक झाले. मग वाडीतल्या मेकॅनिकने विचारलं, एवढे ब्रेक आहेत तर इंजिन का जुनं? इंजिन आलं, त्याला गिअरबॉक्स पुरेना. तोही आला, तर आता वळणावर कलंडेल म्हणून स्प्रिंगचे पाटे बदलून गाडी खाली बसवली. दर शनिवारी दोघांचा गॅरेजात गुजरातीत खल चालायचा आणि मी चहाचा कप धरून शेजारी उभी. मेकॅनिक मला बेन, बेन करायचा, विचारायचा मात्र नवऱ्याला. मला संताप यायचा आणि तरी मी मान डोलवायची. त्या मान डोलवण्याचा राग अजून जात नाही.

शेवटी सीट. सलग सीट काढून दोन खोलगट सीटा बसवल्या. चालवणाऱ्याची सीट नवऱ्याच्या मापाने बोल्ट मारून पक्की केली. मी बसून पाहिलं. क्लचला पाय पुरेना. सरकणारी का नाही बसवली, म्हणून विचारलं.

"सरकणारी वळणावर हलते," तो म्हणाला. "आणि तू कुठे शर्यतीत उतरणार आहेस?"

बाजारहाटाला स्कूटर आहेच की, हेही वर ऐकवलं.

इंजिन बदलल्याची नोंद करायला आरटीओत जावं लागलं. कागद माझ्या नावाचे, म्हणून माझी हजेरी. गाडी त्याने आणली, मी शेजारी बसून आले. तपासणाऱ्या साहेबांनी बॉनेट उघडून नंबर ताडून पाहिला, कामाचं कौतुक केलं. मग माझ्याकडे वळून सहज विचारलं, "बेन, गाडी तमे चलावो छो?"

नवरा बॉनेट लावत होता. वीस वर्षं मीच चालवत आलेय, एवढं तरी मला म्हणता आलं असतं.

"ना," मी नवऱ्याकडे बघत म्हटलं, "ए चलावे छे." आणि त्यांनी बोट ठेवलं तिथे, मालक म्हणून सही केली.