डावीकडे फुगलेली घंटा

संख्याशास्त्र विभागात आरेखक म्हणून चिकटून त्यांना एकोणतीस वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. शिपायापासून विभागप्रमुखांपर्यंत सगळे त्यांना रेघोजी म्हणत. पट्टी न लावता ते फळ्यावर अशी सरळ रेघ ओढत की मागच्या बाकावरची टवाळ मुलंसुद्धा घटकाभर गप्प बसत.

पण रेघोजींचा खरा जीव घंटेवर. शंभर माणसांच्या उंच्या मोजून कागदावर मांडल्या की मधल्या उंचीला गर्दी होते आणि दोन्ही कडांना माणसं विरळ होत जातात. त्या उंचवट्याच्या आकाराला विभागात घंटा म्हणत. नोकरीच्या पहिल्याच वर्षी रेघोजींनी तिचा प्लायवूडचा साचा कापला होता. तो फळ्याशेजारी खिळ्याला टांगलेला असे. मुलं तो कागदावर ठेवत, कडेनं पेन्सिल फिरवत, की जर्नलमध्ये घंटा तयार. "माझी घंटा जपून वापरा रे," असं ते दरवर्षी पहिल्या तासाला बजावत, आणि त्यावर पोरं का खिदळतात ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या वर्षी विभागप्रमुखांनी फर्मान काढलं, की प्रात्यक्षिकांच्या पुस्तकातल्या सगळ्या आकृत्या आता कॉम्प्युटरवर काढायच्या. रेघोजींना शिकवायचं काम आलं नव्या लेक्चररबाईंकडे. वयानं त्या रेघोजींच्या लेकीएवढ्या, पण धीर मात्र आजीचा.

"काका, इथं ओळ लिहायची आणि एंटर दाबायचं. वक्र आपोआप येतो."

"हात न लावता?"

"हात न लावता."

रेघोजींनी एका बोटानं ओळ टाइप केली आणि एंटर दाबलं. वक्र आला नाही. खालच्या ओळीत अधिकचं चिन्ह तेवढं आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा अधिक. बाई तासाला निघून गेल्या होत्या. रेघोजींना वाटलं, यंत्र बेरीज मागतंय. त्यांनी दोन लिहिलं. अधिक. तीन लिहिलं. अधिक. अर्ध्या तासात पडद्यावर अधिकांची रांग लागली आणि रेघोजींच्या कपाळाला घाम फुटला. शेवटी ती ओळ कागदावर उतरवून घेऊन ते घरी आले.

बायकोचा टायपिंगचा क्लास होता. सॉफ्टवेअर कशाशी खातात हे तिला ठाऊक नव्हतं, पण कागदावर नजर टाकल्याबरोबर ती म्हणाली, "अहो, दोन कंस उघडलेत आणि एकच मिटलाय."

"तेवढ्यावरून एवढा खोळंबा?"

"मग! घरी तरी काय वेगळं करता? कपाट उघडं, डबा उघडा, पेनाचं टोपण उघडं. मी मागून मिटत फिरते म्हणून चालतंय. ते यंत्र कशाला फिरेल?"

ते अधिक म्हणजे 'ओळ अपुरी आहे, पुढचं लिहा' एवढंच होतं, हे दुसऱ्या दिवशी बाईंकडून कळलं. कंस मिटला, आणि क्षणात पडद्यावर घंटा उभी राहिली. गुळगुळीत, कुठं पेन्सिल थबकल्याची खूण नाही. रेघोजींना आनंद व्हायचा तो झाला नाही. एकोणतीस वर्षांचा हात आणि हे यंत्र डोळ्याचं पातं लवायच्या आत मोकळं! पण बघूया तरी, म्हणून त्यांनी बाईंकडून ती बरोबर साच्याच्या मापाची छापून घेतली आणि वर साचा ठेवला.

उजवी बाजू तंतोतंत बसली. डावीकडे मात्र छापलेली रेघ साच्याखाली गडप झाली.

"मॅडम, तुमचं यंत्र डावीकडं हडकुळं काढतंय," रेघोजी विजयी मुद्रेनं म्हणाले.

बाई साच्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "काका, सूत्रानं दोन्ही बाजू सारख्याच यायला हव्यात ना?"

"येतातच. साच्यातही सारख्याच आहेत."

घरी जाऊन त्यांनी साच्यावरून एक घंटा काढली, छापील घंटा शेजारी ठेवली आणि तावातावानं बायकोला सगळं ऐकवलं. तिनं छापील कागद उचलला, मधोमध घडी घातली आणि खिडकीच्या उजेडात धरला. रेघेवर रेघ बसली. मग साच्यावरची घंटा तशीच दुमडून धरली. एकाच्या जागी दोन रेघा दिसल्या, मधे गव्हाचा दाणा मावेल एवढं अंतर.

"तुमची फुगलीय," ती म्हणाली.

रेघोजी मटकन खुर्चीत बसले. आणि बसल्याबसल्या त्यांना लख्ख आठवलं. साचा कापला त्या दिवशी त्यांनी उजवी कड पॉलिशपेपरनं घासली होती. डावी उद्या घासू म्हणून साचा खिळ्याला अडकवला, आणि तो उद्या आजवर उजाडला नव्हता. एकोणतीस वर्षांतली मुलं! त्यातली कुणी बँकांत, कुणी सरकारी कचेऱ्यांत, आणि सगळ्यांच्या डोक्यात डावीकडे सुजलेली घंटा.

त्याहून वाईट म्हणजे त्यांना ती चष्मेवाली मुलगी आठवली. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. सह्यांआधी आकृत्या तपासायचं काम रेघोजींकडे असे. तिच्या जर्नलमधली घंटा साच्याला जुळेना. "साचाच चुकलाय," असं ती सगळ्यांदेखत म्हणाली होती. रेघोजींनी लाल पेन्सिलीनं शेरा मारला, 'आकृती साच्याप्रमाणे नाही', आणि तिचे दोन मार्क गेले. पुढच्या वर्षी ती विभागातच दिसली नाही.

"माझ्यापायी पोरीनं विषय सोडला," रेघोजी जेवताना म्हणाले.

"मग जा आणि माफी मागा. कॉलेजच्या कोपऱ्यावर दातांचा दवाखाना आहे ना, ती तीच. तेव्हा टायपिंगला माझ्याकडे यायची. पाटीवर फोटो आहे. रोज त्याच्यासमोरून जाता तुम्ही."

पाच दिवस रेघोजी पलीकडच्या फुटपाथवरून गेले. सहाव्या दिवशी मनाचा हिय्या करून आत शिरले. बाहेरच्या खोलीत पाऊण तास बसले, मनात वाक्य घोळवत. नंबर आला. डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता खुर्ची दाखवली. बसल्याबरोबर खुर्ची मागे गेली, दिवा डोळ्यांवर आला.

"डॉक्टर, मी जरा वेगळ्या कामासाठी..."

"सगळे असंच म्हणतात. आ करा."

रेघोजींनी आ केला. आरसा आत, नळी आत, कापूस आत.

"आँ... ओन... आर्क," रेघोजी म्हणाले.

"दुखतंय?"

"आँटा! आँटा उकली!"

डॉक्टरीणबाईंनी नळी काढली आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. "अय्या, रेघोजी काका!"

मग रेघोजींनी, अर्धा कापूस गालात तसाच ठेवून, सगळी हकिकत सांगितली: साचा, पॉलिशपेपर, घडी, दोन मार्क. "तू एकटीनं बरोबर काढली होतीस बेटा, आणि मी तुला चूक ठरवलं."

डॉक्टरीणबाई आधी गंभीर होत्या. मग त्यांच्या मास्कच्या आत काहीतरी हलायला लागलं. शेवटी त्यांनी मास्क काढला आणि पोट धरून हसल्या.

"काका, कसली बरोबर आणि कसलं काय! मला त्या दिवशी साचा मिळालाच नाही. मैत्रीण घेऊन बसली होती. मी तीन ठिपके दिले आणि बांगडी फिरवून अंदाजानं जोडले."

"पण साचा चुकलाय म्हणालीस ते?"

"मी तेव्हा सगळ्यांशीच भांडायचे. कँटीनवाल्यालासुद्धा म्हणायचे, तुझं घड्याळ चुकलंय. आणि विषय सोडला तो दातांच्या कॉलेजात जागा मिळाली म्हणून. तुमचे दोन मार्क माझ्या गावीही नव्हते."

रेघोजींना हलकं वाटायला हवं होतं. वाटलं ते थोडं अपमानास्पदच. पाच दिवस झोप उडवून घेतली ती काय बांगडीसाठी?

"पण ही डावीकडची दाढ मात्र पार किडलीय," त्या मास्क चढवत म्हणाल्या. "आलाच आहात तर काढूनच टाकू."

माफी मागायला गेलेले रेघोजी दाढ देऊन परत आले. दुसऱ्या दिवशी विभागात त्यांचा डावा गाल बघून लेक्चररबाईंनी तोंडाला रुमाल लावला. विभागप्रमुखांना साच्याची गोष्ट कळली तेव्हा त्यांनी स्वतःचं जुनं जर्नल मागवून घडी घालून पाहिलं आणि ते कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्याही याच विभागातल्या विद्यार्थिनी. पुस्तकातल्या सगळ्या आकृत्या रेघोजींनी नव्यानं काढल्या, सत्तावीसच्या सत्तावीस, आणि कंस मोजायला प्रत्येक ओळ बायकोच्या नजरेखालून गेली.

टाके बघायला पुन्हा दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, तुम्ही आता कॉम्प्युटरवर वक्र काढता ना? माझे पेशंट उशिराबद्दल सारखे कुरकुरतात. कोण किती वेळ ताटकळतं तेवढं काढून द्या."

रेघोजी महिनाभर संध्याकाळी बाहेरच्या बाकावर वही घेऊन बसले. दोनशे सहा माणसं झाली. ती आकडेवारी यंत्रात घालताना त्यांनी घंटेची तयारीच ठेवली होती, पण पडद्यावर आला तो डावीकडे एकदम चढलेला आणि उजवीकडे लांबच लांब शेपूट सोडलेला वक्र. दहावीस मिनिटांत सुटलेले पुष्कळ. पण दीड-दीड तास बसलेलेही होते. रेघोजींनी कंस तपासले. मिटलेले होते. मग वही उघडून शेपटातल्या वेळा पाहिल्या, कुणाच्या मागे कोण गेलं होतं ते जुळवलं, आणि कागद घेऊन दवाखान्यात गेले.

"हे शेपूट कशानं आलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

रेघोजी जरा चाचरले. "आत ओळखीचं माणूस असलं की तुम्ही गप्पा मारता. त्याच्या मागचा माणूस या शेपटात येतो."

"मी? गप्पा? काहीतरीच! तुमचं मोजणंच चुकलंय."

"घड्याळ लावून मोजलंय, बेटा."

"मग घड्याळ चुकलंय," असं म्हणून त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या आणि घड्याळं कशी चुकतात त्याची एक मोठी गोष्ट सांगू लागल्या. बाहेर अकरा जण बसले होते. रेघोजींनी खिशातून हळूच वही काढली आणि वेळ लिहून घेतली.