न हललेले डोळे

ज्योती परातेबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. माझी बायको कुसुम अधूनमधून म्हणायची, "लिहून टाका ना आता." मी डोळ्यांचं कारण पुढं करायचो. आता दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. कारण उरलेलं नाही.

ज्योती आणि तिची आई शहराच्या कडेच्या बेसा भागातल्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत. कुठं कुणी अडलेलं दिसलं, की ज्योती थांबायची. मदतीला लगेच धावायची नाही. आधी त्या माणसाचा हात कुठं थबकतो ते बघायची, मग पुढं व्हायची. आमच्या फाटकाला मी नवी कडी लावली होती. दूधवाला रोज ती उलटी ओढायचा आणि मी रोज त्याच्यावर खेकसायचो. एके सकाळी जिन्यावरून ती म्हणाली, "त्याले नका बोलू काकाजी. कडी चुकली आहे, तो नाही." रविवारी तिनं माणूस बोलावून कडी उलटी बसवून घेतली. त्यानंतर दूधवाला कधी अडला नाही. मी मात्र काही दिवस चुकत राहिलो.

ती छत्तीसची होती. एका खासगी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर तिची बारा वर्षं गेली होती. वडील मागावर लुगडी विणायचे. माग बंद पडल्यावर एका गोदामावर चौकीदारी करत वारले. त्यांच्याबद्दल ती एकच गोष्ट सांगायची: "बाबा लुगडं उलटं करून पाहत जी. सुलट्यानं सगळीच चांगली दिसतात."

एक दिवस तिनं मला येऊन सांगितलं की ती यूएक्स डिझाइन शिकते आहे. मला ते कळेना. मग तिनं फाटकाच्या कडीवरूनच समजावलं. मोबाइलवरचं काम माणसाला न अडखळता करता यावं, अशी त्याची मांडणी करायची. तिच्या आईला हे खूळ वाटे. "ह्या वयात नवं दुकान मांडून राहिली," असं ती कुसुमजवळ कुरकुरायची. मी मात्र ज्योतीच्या बाजूनं होतो. तिचा इंग्रजी अर्ज मी तपासून दिला. बागेत फिरायला येणाऱ्या मित्रांना मी सांगायचो, आमची ज्योती आता डिझायनर होणार. पस्तीस वर्षं मास्तरकी आणि शेवटी मुख्याध्यापकी केलेल्या माणसाला अशी एखादी विद्यार्थिनी लागतेच.

शेवटी तिनं नोकरी सोडली आणि पूर्ण वेळ त्यातच घातला. मिहानच्या उद्योग वसाहतीतल्या एका कंपनीत मुलाखत ठरली. दाखवायला एक काम हवं होतं. तिनं म्हाताऱ्या माणसांसाठी दवाखान्यात घरबसल्या नंबर लावायचं अ‍ॅप केलं. पहाटेपासून रांगेत उभे राहणारे चेहरे तिनं बारा वर्षं बघितले होते. आता ते वापरून बघायला म्हातारं माणूस पाहिजे होतं. ती माझ्याकडे आली.

माझ्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू पिकत आला होता. वर्तमानपत्राचे मथळे तेवढे दिसायचे. हे फक्त कुसुमला ठाऊक होतं. ज्योतीनं फोन हातात दिला, तेव्हा मला पांढऱ्यावर करड्या मुंग्या दिसल्या. मी म्हणालो, आज डोकं दुखतंय, उद्या बघू.

त्या संध्याकाळी ज्योतीनं पाठवलेल्या लिंकवरून मी कुसुमला तिच्या फोनवर तेच अ‍ॅप उघडायला लावलं. ती वाचत गेली आणि मी जागा पाठ करत गेलो. वरून तिसरी पट्टी, मग उजवीकडे खाली, मग मधोमध. कुसुम मध्येच थांबली. "अहो, दिसत नाही म्हणून सांगून द्या ना तिले. त्याच्यासाठीच तर आली ती." मी तिला म्हणालो, तुला यातलं काय कळतं. आयुष्यभर मुलांच्या कॉप्या पकडलेला माणूस त्या दिवशी स्वतः कॉपी तयार करत होता, आणि त्याला ते कळतही होतं.

दुसऱ्या दिवशी मी सगळं धडाधड करून दाखवलं. ज्योती समोर बसून बघत होती. माझं झाल्यावर ती हसली नाही. फोन परत घेत म्हणाली, "काकाजी, राग नका मानू. तुमचे डोळे हलूनच नाही राहिले. तुम्ही वाचलं काय?"

मी चिडलो. मुख्याध्यापकाच्या आवाजात विचारलं, "मी खोटं बोलतोय असं म्हणायचं आहे का तुला?"

ती खाली बघत म्हणाली, "नाही जी. मलेच तसं वाटलं असंन." कुसुम स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत निघून गेली.

मुलाखतीत कंपनीच्या लोकांनी तिचं काम वाखाणलं. मग तिथल्याच एकाचे वडील बोलावले आणि फोन त्यांच्या हातात दिला. ते पहिल्याच पानावर अडकले. अक्षरं बारीक होती, रंग फिका होता. तिनं तर लिहून दिलं होतं की सत्तरीच्या गृहस्थांनी हे मदतीशिवाय पूर्ण केलं. मुलाखत घेणाऱ्यांनी विचारलं, तुम्ही त्या गृहस्थांना नीट पाहिलं होतं का? ती म्हणाली, हो. पुन्हा काम करून सहा महिन्यांनी या, असं ते म्हणाले.

हे सगळं तिनंच आमच्या ओसरीत बसून सांगितलं. माझ्यावर तिचा रोख नव्हता, तेच वाईट होतं. "मले माणूस समजते असं वाटे काकाजी. तेवढंच तर येत होतं मले." कुसुमनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, पुढच्या वेळी होईल.

पुढची वेळ आली नाही. ती परत त्याच दवाखान्यात लागली. रस्त्यात कुणी अडलेलं दिसलं तरी आता ती थांबायची नाही. एकदा एक म्हातारी आमच्याच गल्लीत रिक्षावाल्याला पत्ता दाखवत घोटाळत होती. ज्योती बाजूनं सरळ निघून गेली.

मग कोरोना आला. पहिली लाट ओसरल्यावर मी डोळे दाखवायला तिच्याच दवाखान्यात गेलो. डोळे दाखवणं हे निमित्त होतं. घरी तिच्या आईसमोर बोलता येत नव्हतं, म्हणून खिडकीवर सांगून टाकायचं असं ठरवून गेलो होतो. प्लास्टिकच्या पडद्यामागे मास्क लावून ती बसली होती. तिनं फॉर्म सरकवला. मी तो हातात धरून उभा राहिलो. मागचा माणूस म्हणाला, "चला ना बाबाजी, झोपले काय?" ज्योतीनं फॉर्म माझ्या हातातून घेतला आणि न विचारता भरून टाकला. मग पडद्याजवळ तोंड आणून हळूच म्हणाली,

"काकाजी, तेव्हा बी दिसत नव्हतं काय?"

तिनं दार उघडून दिलं होतं. आवाजात राग नव्हता. तिला फक्त तेवढं कळायला हवं होतं. मी हो म्हणालो असतो, तर ती कदाचित पुन्हा लोकांचे हात बघायला लागली असती, आणि पुन्हा त्या कंपनीत गेली असती. मागे रांग होती, आणि मी अजूनही मुख्याध्यापक होतो.

मी म्हणालो, "नाही गं. आत्ताच कमी झालंय."

तिनं मान हलवली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

दुसऱ्या लाटेत ती खिडकी सुरूच होती. एप्रिलमध्ये ज्योतीला खोकला झाला. त्याच दवाखान्यात तिला खाट मिळायला दीड दिवस लागला, आणि ती मिळाल्यावर ज्योती जायला फार दिवस लागले नाहीत. आम्हाला चेहरा दिसला नाही. तिची आई उमरेडला भावाकडे गेली. जाताना ती माझ्या पाया पडली. म्हणाली, "तुम्ही लेकीले लई आधार देला, गुरुजी." मी तिला आशीर्वाद दिला.

फाटकाची कडी अजून तिनं बसवली तशीच आहे.

ज्योती, त्या दिवशी मी वाचत नव्हतो. मला एक अक्षर दिसत नव्हतं. माझे डोळे हलले नाहीत हे तू बघितलंस, ते खरं होतं. तुझं पाहणं चुकलं नव्हतं, बाई. मी चुकलो.