बहुतेक पडली नसती

विरारपासून चर्चगेटपर्यंत 'काही होत नाही' हे तीन शब्द ज्याच्या तोंडून आजवर बाहेर पडलेले नाहीत असा एकच इसम आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. ही मुंबई चालते ती या तीन शब्दांवर. वायर लोंबतेय? काही होत नाही. गॅलरीला तडा गेलाय? अरे काही होत नाही यार, वीस वर्षं तसाच आहे. आमच्या साडूला असलं काही विचारलं की तो मान तिरकी करतो, नाक खाजवतो आणि म्हणतो, "ठाऊक नाही. बघावं लागेल." बरं, नुसतं म्हणून गप्प बसेल तर शपथ! खरंच उठून बघायला जातो. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला "श्रीखंड आजचं ना रे?" असं खणखणीत आवाजात विचारतो, तेव्हा आम्ही सगळे ताटात तोंड खुपसतो. ताईने, म्हणजे त्याच्या बायकोने, नवी साडी नेसून "कशी दिसते?" विचारलं की हा तिला हाताला धरून गॅलरीत उजेडात नेतो. "एकदा तरी न बघता छान म्हणा हो!" ती कळवळून सांगते. "न बघता कसं म्हणू?" हा प्रामाणिकपणे विचारतो. अशा माणसाबरोबर तिने तीस वर्षं संसार केला, तिला खरं तर सरकारने पेन्शन द्यायला हवं.

आमच्या बायका सख्ख्या बहिणी. तो थोरलीचा नवरा असला तरी वयाने माझ्याएवढाच, म्हणून आमचं अरे-तुरे चालतं. अंधेरीला लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत तो मॅनेजर आहे आणि हाताखाली मेकॅनिकांची पलटण आहे. एका दिवाळीत सुट्या पार्टच्या व्यापाऱ्याने त्याला काजूकतलीचा डबा पाठवला. परत करावा तर सणासुदीचा अपमान, घरी न्यावा तर मन खातं. साडूने डबा ऑफिसच्या मधोमध उघडला आणि जाहीर केलं, "हे अमुक शेठकडून आलंय. लाच आहे की लोभ, मला ठाऊक नाही. तोवर सगळ्यांनी खा." पुढच्या दिवाळीला शेठ आला तो रिकाम्या हाताने, आणि भाव कमी करून. गोराईच्या एका मेकॅनिकने मावशी वारली म्हणून रजा टाकली, तर हा फळं घेऊन, होडीने खाडी ओलांडून समाचाराला गेला. बघतो तर मावशी अंगणात सुकट वाळत घालतेय! याने फळं तिच्याच हातात दिली, तिच्याकडे पोटभर जेवला आणि दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला म्हणाला, "मावशी ठणठणीत आहे. तुझी आठवण काढत होती. उद्या रजा घे नि भेटून ये." तेव्हापासून त्या ऑफिसात कोणाची मावशी वारलेली नाही.

गणपतीच्या रजेचं तर विचारूच नका. अर्धे मेकॅनिक कोकणातले आणि साहेब स्वतः कणकवलीचे. सगळ्यांनाच गावी जायचं असतं, आणि मुंबईतल्या लिफ्ट काही बाप्पा आले म्हणून थांबत नाहीत. एका वर्षी हा म्हणाला, "माझाही गणपती गावाला, मग मी न्यायाधीश कसा? तुमचं तुम्ही ठरवा." सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत घनघोर भांडण झालं आणि एकाच गोष्टीवर एकमत झालं, ते म्हणजे साहेबांनीच ठरवावं. साहेबांनी पहिली काट स्वतःच्या रजेवर मारली. ताईने पुढे वर्षभर त्याला जेवताना ते ऐकवलं.

हे सगळं लांबून बघायला झकास वाटतं. पण माझ्या मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी याने आमच्याच लिफ्टला हात घातला, तेव्हा मात्र आमची वाट लागली.

आमची सोसायटी सात मजली आणि आम्ही सातव्यावर. लिफ्ट एकच. दुसरी बिल्डरच्या जाहिरातीतच राहिली. देखभाल साडूच्या कंपनीकडे. साखरपुडा घरीच होता. रविवारी सकाळी साडू पेढ्यांचा पुडा घेऊन लिफ्टने वर आला. "बस, चहा घे," मी म्हटलं, तर हा कान टवकारून उंबऱ्यातच उभा. म्हणाला, "ब्रेकचा आवाज बरा नाही." पेढे माझ्या हातात कोंबून गच्चीवरच्या मशीनरूमकडे पळाला. थोड्या वेळाने काळे हात घेऊन खाली आला आणि म्हणाला, "लिफ्ट बंद केली. ब्रेक फार झिजलाय. पार्ट उद्या मिळेल."

माझी बायको हातातलं तबक घेऊनच बाहेर आली. "भाऊजी, आज? अहो, मुलुंडहून मुलाची आजी येतेय, दोन्ही गुडघे गेलेत त्यांचे! आणि आजीशिवाय अंगठी घालायची नाही असं मुलाकडच्यांनी बजावलंय!"

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी धावत आले. "अहो मॅनेजरसाहेब, आठवडाभर अशीच चालतेय. अजून दोन तास चालू दे, काही होत नाही!"

"मलाही तसंच वाटतं," साडू म्हणाला. "पण खात्री नाही ना."

"मग तुमचा एक मेकॅनिक बसवा आत!"

"ज्या लिफ्टमध्ये तुमच्या पाहुण्यांना बसवायला मला भीती वाटते, तिच्यात माझ्या पोराला बसवू? गप रवा जरा!" चिडला की तो मालवणीत शिरतो. मग त्याच्या वरिष्ठांचा फोन आला. या सोसायटीचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय, लोकांना दुखवू नकोस, चालू कर, असं त्यांचं म्हणणं. "साहेब, तुम्ही या," साडू शांतपणे म्हणाला, "पहिली फेरी तुम्ही मारा, मग मी चालू करतो." साहेब काही आले नाहीत.

"निदान लाईट गेली असं तरी सांगू," बायको रडवेली होऊन म्हणाली.

"सांगा. पण पंखे फिरतायत, त्यांचं काय करायचं?"

पाहुणे आले. गेटवर हाच उभा. "नमस्कार, लिफ्ट मी बंद केली आहे," असं स्वतःहून सांगत होता! मुलाचे काका भडकले. "आम्हाला खाली तिष्ठत ठेवायला बोलावलंत? लिफ्ट पडणार होती का?"

मी मागून खुणा करत होतो. अरे बाबा, हो म्हण! एकदा, फक्त एकदा, हो म्हण! माझ्या पोरीचा प्रश्न आहे रे!

साडूने नाक खाजवलं. "ठाऊक नाही. बहुतेक पडली नसती."

झालं! काकांनी गाडीची चावी काढली. मुलगी जिन्यात पदर धरून उभी होती, तिचा चेहरा मला बघवेना. तेव्हा गाडीत बसलेली आजी काठी आपटून म्हणाली, "चावी ठेव खिशात. मी इथेच बसते. इथेच करा."

आणि खरोखर पार्किंगमध्ये साखरपुडा झाला. साडूने दारोदार जाऊन लोकांच्या गाड्या हलवायला लावल्या. पाट, समई, नारळ, कॅटररची पातेली, सगळ्यासाठी सात मजले तोच वरखाली करत होता. शेवटी शर्ट पिळून निघाला, आणि अंगठ्या घालताना टाळ्या वाजवायलाही त्याच्या हातात जोर उरला नव्हता.

पार्ट बदलला, लिफ्ट चालू झाली. सोसायटीने कॉन्ट्रॅक्ट मात्र दुसऱ्या कंपनीला दिलं. साडूचं त्या वर्षी ठरलेलं प्रमोशन एका गोडबोल्या ज्युनिअरला मिळालं. कंपनीच्या चौकशीत त्याला विचारलं होतं, ब्रेक नक्की तुटणारच होता असं म्हणतोस का? एवढं म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. पण याने तिथेही 'बहुतेक' लावला. न झालेल्या अपघाताचा पुरावा कुठून आणायचा? माझी बायको तर दिवाळीपर्यंत त्याच्याशी बोलली नाही. मी चारचौघांत त्याची बाजू घ्यायला म्हणून छातीठोक सांगू लागलो, की त्या दिवशी लिफ्ट गेलीच असती, तर हा शेजारून म्हणतो, "तसं नाही रे, बहुतेक नसती." कपाळ माझं! याला वाचवायला जावं, तर हाच आपला हात झटकतो.

पुढे लग्न लागलं. पंगतीच्या वेळी साडू दिसेना, म्हणून मी शोधत गेलो. हॉलच्या कोपऱ्यात मुलुंडच्या आजींनी त्याला शेजारच्या खुर्चीत बसवून घेतलं होतं. मी मागेच थांबलो.

"तुम्ही त्या दिवशी बहुतेक म्हणालात ना," आजी म्हणत होत्या, "ते मला फार बरं वाटलं. आमचे हे गोदीत कामाला होते. मुकादम त्यांना म्हणाला, काही होत नाही, चढ वर. माझा थोरला तेव्हा रांगत होता. तो मुकादम वाईट नव्हता हो. नुसतं ठाऊक नाही म्हणाला असता, तर हे घरी आले असते."

साडूने आजींचा हात हातात घेतला आणि तो तसाच बसून राहिला. मी त्याला जेवायला बोलवायला गेलो होतो, पण हाक न मारताच परत आलो.