शाकाहारी म्हसोबा

गंगापूर रोडवरचं ते लॉन्स दिसलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. लोकांना तिथली कारंजी आणि प्लास्टरचे हत्ती दिसतात. मला माझ्या आईचं तोंड दिसतं.

नव्वदच्या सुमारास तो एका बड्या घराण्याचा मळा होता. मधोमध दगडी बंगला, भोवती पेरू आणि द्राक्षं. आई तिथे खुरपायला जायची. बांधावर बाभळीखाली शेंदूर फासलेला म्हसोबा होता. आखाडात त्याला बोकड पडायचा, आणि थोरले मालक, बरं का, पहिल्या ताटाची वाट बघत स्वतः मांडी ठोकून बसायचे.

ते गेले. मुलाने बागा तोडून हिरवळ अंथरली, बंगल्यात नवरीच्या खोल्या काढल्या आणि सगळं लग्नांना भाड्याने द्यायला लागला. फाटकावर पाटी लावली: शुद्ध शाकाहारी.

माझं बाळंतपण अडलं तेव्हा आई हॉस्पिटलच्या जिन्यात बसून म्हसोबाला कोंबडं बोलली. मुलगा वाचला, मीही वाचले. तो रांगायला लागल्यावर त्याला आणि कोंबड्याला घेऊन आम्ही दोघी सातपूरहून निघालो.

मॅनेजरने फाटकातच अडवलं. "आजी, इथे हे चालत नाही. नारळ फोडायचा तर आत सोडतो."

"नारळ नाय बोलले मी."

मी भांडायला लागले तसा मालकांचा मुलगाच बाहेर आला. लहानपणी आईने याला कडेवर खेळवलेलं. म्हणाला, "मावशी, देवाला काय, भाव महत्त्वाचा." वा रे वा! बापाच्या ताटात नळी पडायची, ती काय भावाची होती?

आत म्हसोबा टाइल्सच्या देवळीत, ऑइलपेंट फासून, लायटिंगसकट बसवलेला. मॅनेजरने आणून दिलेला नारळ आईने फोडला. कोंबडं घरी परत आलं. ते तिने कापूही दिलं नाही, विकूही दिलं नाही. "देवाचं हाय ते," म्हणायची.

त्यानंतर पोराला साधी कणकण आली तरी आई पदर पसरून बसायची. "आपण त्याच्या तोंडाला पानं पुसली गं." मी समजावलं, ओरडले, एकदा तर रडलेसुद्धा. छे! तिच्या मनातून ते जाईचना.

शेवटच्या दुखण्यात माझा मुलगा तिच्या उशाशी बसायला गेला की ती हाताने त्याला दूर लोटायची. "त्याला लांब ने. म्हसोबाचा राग माझ्यावर हाय, पोराला नको लागायला."

ज्याच्यासाठी नवस बोलली, त्या नातवाला जवळ न घेताच माझी आई गेली.