आत्यानं गाव बाहेर काढलं

माझ्या आत्याचं ज्याच्याशी भांडण झालेलं नाही, असा माणूस तिच्या गावात नाही. आणि एखादा आढळलाच तर तो आदल्या दिवशी आलेला पाहुणा असतो. त्यालाही परतीची एसटी मिळायच्या आत ती मोकळं सोडत नाही. झरी जामणीकडे, सागाच्या रानाला पाठ लावून बसलेलं तिचं गाव. त्या गावात माणसं उठतात ती कोंबड्यानं नव्हे, हापशीवरच्या आत्याच्या आवाजानं. पाण्याचा नंबर कोणाचा, बादली कोणी सरकवली, आणि काल हापशीचा दांडा कोणी आपटला, या तीन विषयांवर ती सूर्य वर येईपर्यंत बोलू शकते. मग घरी येऊन चहा पिते आणि म्हणते, "मी भांडतो कुठी वं? मी खरं बोलतो. आता माहा आवाज मोठा हाये, त्याले मी काय करू?"

फाट्यावर थांबणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरशी तिचं जुनं भांडण. तो गाडी नेहमी झाडाच्या सावलीपासून जराशी पुढं थांबवतो, आणि आत्याला तेवढं उन्हात चालावं लागतं. "तुह्या गाडीले बिरेक हाये का नुसताच भोंगा हाये?" असं विचारल्याशिवाय ती पायरीवर पाऊल ठेवत नाही. पण ती फाट्यावर दिसली नाही, की तोच ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून विचारतो, "बाई नाही आल्या आज? तब्येत बरी हाये ना?" मोबाइलमधल्या बाईशीसुद्धा ती भांडते. फोन लागत नसल्याचं ती बाई गोड आवाजात सांगायला लागली, की आत्या चिडते, "सोताच बोलून राह्यली! दुसऱ्याचं आयकून कायले घेत नाही?" माझं पुसदला शिलाईचं दुकान आहे. आत्याचे ब्लाऊज मीच शिवते, आणि आजवर एकही ब्लाऊज तिनं विनातक्रार घेतलेला नाही. "हा बिलाउज शिवला का खताचं पोतं?" म्हणते, आणि बाह्या विरेपर्यंत तोच घालते. वर गावभर सांगते, "माह्या भाचीचं दुकान हाये पुसदले. बायका रांग लावतेत."

तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, हे या जगातले सर्वांत शांत गृहस्थ असावेत. त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही. संसारात कधीतरी त्यांच्या लक्षात आलं, की आपण हिच्या उजव्या हाताला बसलो तर आपला डावा कान तिच्याकडे येतो. तेव्हापासून ते तिथेच बसतात. मी एकदा त्यांना विचारलं, "मामा, तुम्हाला कधी राग नाही येत?" ते म्हणाले, "येतो न. पन माहा नंबर लागेपर्यंत निघून जातो."

आत्याचं सर्वांत मुरलेलं भांडण मात्र शेजारच्या कोलाम म्हातारीशी होतं. आत्याच्या कोंबडीनं म्हातारीच्या टोपल्यात अंडी घातली. ती कोंबडीवाल्याची की टोपल्यावाल्याची, इथून ते सुरू झालं. ती कोंबडी जाऊन जमाना झाला, पण दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. म्हणजे तोंडानं थांबत नव्हत्या, फक्त थेट बोलत नव्हत्या. आत्या आपल्या बकरीला सांगायची, "आयकतं का वं, आपल्या दारात कोनीतरी राख टाकली!" आणि मधल्या काटक्यांच्या कुडाच्या पलीकडून म्हातारी आपल्या कुत्र्याला सांगायची, की वारा कोणाच्या बापाचा नोकर नाही. म्हातारीला जास्त राग आला की ती आपल्या कोलामी बोलीत बोले. आत्याला कोलामी येत नाही. तरी ती प्रत्येक वाक्याला उत्तर द्यायची, आणि म्हातारीच्या चेहऱ्यावरून वाटायचं, की उत्तर बरोबर बसतंय.

तर मी ब्लाऊज द्यायला गेले होते, त्या दिवसाची ही गोष्ट. वैशाखातली दुपार, आणि वारा असा की तव्यावरून येतोय. डोंगरावर धूर दिसत होता, पण त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. मोहफुलांच्या दिवसांत रान कुठं ना कुठं जळतंच. पालापाचोळा जळतो, आग आपोआप विझते. गावातली तरणी माणसं वनखात्याच्या गार्डबरोबर ओल्या फांद्या घेऊन आग झोडपायला सकाळीच वर गेली होती. आत्या ओट्यावर बसून माझ्या ब्लाऊजच्या गळ्यावर टीका करत होती.

बोलता बोलता ती थांबली. आत्या वाक्याच्या मध्ये थांबली म्हणून मी वर पाहिलं. तिच्या पदराचं टोक, जे इतका वेळ डोंगराकडे उडत होतं, ते उलटं वळून तिच्या तोंडावर आलं होतं. वारा फिरला होता. पाठोपाठ राख आली. काळी, हलकी पानं, काहींच्या कडा अजून लाल. आणि मग डोंगरावरून ती माणसं धावत येताना दिसली. पुढं गार्ड. त्याच्या भुवया जळालेल्या, आवाज बसलेला. "गाव खाली करा!" एवढंच तो म्हणत होता, आणि तेही कोणाला नीट ऐकू येत नव्हतं.

आत्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "असं कोनी सांगते का? सरक, बाजूले हो."

मग ती बुद्धविहारासमोरच्या चौकात उभी राहिली आणि तिनं आवाज सोडला. मी तिचा आवाज लहानपणापासून ऐकत आलेय, पण असा कधी ऐकला नव्हता. "निघा रे! ढोरं सोडा, दावे कापा, पोट्टे घ्या अन् नांगरलेल्या वावरात चाला! रस्त्यानं जाऊ नोका, रस्त्यावर पऱ्हाट्या हायेत!" ते खरंच होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या गंज्या होत्या, जळणासाठी रचून ठेवलेल्या. आणि नांगरलेल्या काळ्या वावरात जळायला काडी नव्हती.

तरी माणसं निघेनात. आग समोर दिसत असताना माणूस काय काय करतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. एकानं टीव्ही उचलला आणि दारात अडकला. एकीनं घराला कुलूप लावलं, मग आठवलं की सासरा आत आहे. एक गृहस्थ शांतपणे मिशी विंचरत होते. बाहेरगावी जायचं म्हणजे नीट जायला हवं. आत्या दारोदार गेली. कोणत्या घरात कोण आहे, कोण कुठं झोपतं, कोणाचा पाय दुखतो, हे तिला कोणी सांगायला नको होतं. त्या प्रत्येक दाराशी उभी राहून ती कधी ना कधी भांडलेली होती. दार वाजवणं वगैरे तिनं केलं नाही. टीव्हीवाल्याला तिनं टीव्हीसकट आत ढकललं आणि एकट्याला बाहेर ओढलं. कोपऱ्यावरचे एक आजोबा खाटेला धरून बसले होते. "मी इथंच जन्मलो, इथंच मरतो," म्हणाले. आत्या म्हणाली, "मरायचं असन त उद्या मर. आज मले टाइम नाही." आणि आजोबा उठले. मी शपथेवर सांगते, ते चिडून उठले आणि काठी विसरून चालायला लागले.

ट्रॅक्टरवाले भाईजान तिच्या खास शत्रूंपैकी. ते ट्रॅक्टर तिच्या भिंतीला लावतात म्हणून ती त्यांच्याशी पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा भांडते. आज ट्रॅक्टर तिथेच होता. तिनं लांबूनच हाक मारली, "भाईजान, आज काहून उभा हाये थो? रोज त हलवा म्हटलं की हलत नाही, आज त हलवा!" भाईजाननी ट्रॉलीत म्हातारीकोतारी, दिवस भरलेली एक पोरगी आणि शाळेची लहान लेकरं भरली. "बाजी, तुम भी बैठो," ते थोरल्या बहिणीला सांगावं तसं म्हणाले. "मी बसलो त मांगं कोन पाह्यन?" म्हणून तिनं ट्रॉलीवर थाप मारली. ट्रॅक्टर वावरात उतरला.

गाव रिकामं झालं. गोठ्यांच्या कुडांनी पेट घेतल्याचा तडतड आवाज येत होता. मामांनी बकरी सोडली होती आणि मी आत्याचा हात धरून ओढत होते. तेवढ्यात ती म्हणाली, "म्हातारी कुठी हाये?"

कुडाच्या पलीकडून कोंबड्यांचा कलकलाट येत होता; म्हणजे म्हातारी ट्रॉलीत नव्हती. भाईजाननी तिला बसवलेलं मी स्वतः पाहिलं होतं, पण ट्रॅक्टर सुटायच्या आधी ती गुपचूप उतरून घरी परतली होती. आत्या कुडाला वळसा घालून गेलीच नाही. तिनं कूडच आडवा केला. म्हातारी घरात, चुलीपाशी, आपल्या कोंबड्या टोपल्याखाली झाकत बसली होती. धुरानं तिचे डोळे मिटले होते. आत्या दारात उभी राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती तिच्याशी थेट बोलली.

"ऊठ."

म्हातारी कोलामीत काहीतरी म्हणाली.

"मले माहीत हाये काय म्हन्ते तू. ऊठ."

मग तिनं म्हातारीला पाठीवर घेतलं. आत्याही काही तरणी नाही. साठी उलटलेली, गुडघे दुखणारी बाई. मी कोंबड्यांचं टोपलं घेतलं, मामांनी बकरी घेतली, आणि आम्ही वावरात उतरलो. ढेकळांमधून धड चालता येत नव्हतं. मागं आमची गल्ली पेटली होती, तिची झळ पाठीला लागत होती. आणि पुढं, आत्याच्या पाठीवरून, म्हातारी बोलत होती. कोंबडी, अंडी, राख, कुत्रा, सगळं. इतकी वर्षं बकरी-कुत्र्यांच्या हवाली केलेलं सगळं तिनं आत्याच्या कानात थेट ओतलं. आत्या धापा टाकत प्रत्येकाला उत्तर देत होती. "अंडे माहेच होते. हालू नोको. माहेच होते म्हन्लं ना!" वावरापलीकडचा नाला येईपर्यंत ते भांडण चाललं. नाल्यात आत्यानं तिला खाली ठेवलं, आणि म्हातारीनं आपल्या पदरानं आत्याचं तोंड पुसलं. पुसताना सुद्धा ती रागावलेलीच होती.

पलीकडच्या गावानं शाळा उघडली, भाकरी थापल्या, माठ भरून ठेवले. तिथं आत्यानं घराघराची नावं घेऊन माणसं मोजली. सगळी होती. संध्याकाळी एक साहेब तांदळाची पोती घेऊन जीपमधून आले. एवढ्या कमी वेळात गाव रिकामं कोणी केलं, असं त्यांनी विचारलं, तर अख्ख्या पटांगणानं बोट आत्याकडे केलं; टीव्हीवाल्यानंसुद्धा. साहेब हात जोडून पुढं आले. आत्या म्हणाली, "हात नंतर जोडा. लेकराइले दूध पायजे, अन् तुमचा तांदूळ खड्याचा हाये." माझी मान ताठ झाली होती. शेजारच्या अनोळखी बाईला मी उगाच सांगत होते, "ही माझी आत्या. सख्खी."

दुसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो. विहार वाचला होता, शाळा वाचली होती, अर्ध्याहून जास्त घरं वाचली होती. म्हातारीचं घर धुरानं काळं झालं होतं, पण उभं होतं. आत्याचं घर नव्हतं. चार जळके खांब आणि ओटा तेवढा उरला होता. आत्या ओट्यावर बसली आणि गप्प झाली.

ती गप्प राहिली म्हणजे खरंच राहिली. जेवायला दिलं तर जेवायची, विचारलं तर मान हलवायची. तिचा मुलगा चंद्रपूरहून न्यायला आला, तर त्यालाही ती नुसती मान हलवून नाही म्हणाली. हापशीवर बायका रांगेत उभ्या राहून मुकाट पाणी भरायच्या, आणि एकमेकींकडे पाहायच्या. मामा तिच्या डाव्या हाताला येऊन बसायला लागले, चांगला कान तिच्याकडे करून. हे पाहिल्यावर मला रडू आलं.

मग गावानं काय केलं, ते सांगायला मला आजही अभिमान वाटतो. एकेक जण येऊन तिच्याशी भांडण उकरायला लागला. भाईजाननी ट्रॅक्टर आणून थेट ओट्याला लावला आणि इंजिन चालू ठेवून निघून गेले. आत्या पाहत राहिली. कोपऱ्यावरच्या आजोबांनी येऊन सांगितलं, की तुझ्यामुळं माझी काठी जळाली, भरून दे. आत्या काही बोलली नाही. एका सुनेनं तिच्यासमोर मुद्दाम हापशीचा दांडा आपटला, तरी नाही. शेवटी म्हातारी आली. तिच्या हातात टोपलं होतं, आणि टोपल्यात अंडी. तिनं ते ओट्यावर आपटल्यासारखं ठेवलं आणि म्हणाली, "घे. तुहेच होते म्हन्तं ना? घे. लबाड बाई."

आत्यानं टोपल्याकडे पाहिलं. मग म्हातारीकडे. आणि तिचा आवाज आला, आधी बारीक, खरखरीत.

"लबाड कोनाले म्हन्तं वं?"

हापशीवरची बादली कोणाच्या तरी हातातून सुटली. टीव्हीवाला पळत आला. आत्या उठून उभी राहिली होती, आणि आवाज चढत चढत पार विहारापर्यंत गेला. आधी म्हातारी, मग ट्रॅक्टर, मग काठी, मग दांडा, सगळ्यांचा हिशेब एकदम. लोक हसत होते आणि डोळे पुसत होते. त्या आठवड्यातच गावानं मिळून तिच्या घराचे खांब रोवले. कुडाचं काम म्हातारी एकटीच करत होती, आणि कूड तिरपा होतोय म्हणून आत्या मागं उभी राहून तिला बोलत होती.

आता घरावर पत्रे आहेत. मी अधूनमधून जाते. दिवसभर आत्या पूर्वीसारखीच असते. पण दिवेलागणीला, गावातल्या चुली पेटल्या की ती हातातलं काम टाकून बाहेर येते. घराघरावरून धूर वर जात असतो. ती एकेका घराकडे बघते, ओठ हलतात, आवाज नसतो. मागच्या खेपेला मी जवळ जाऊन विचारलं, "काय पाहतेस आत्या?"

"काही नाही वं," ती हळू म्हणाली. "भाकरीचाच हाये ना, पाह्यतो."

वारा पडलेला होता. आम्ही दोघी शेवटच्या घराचा धूर पांढरा होऊन विरेपर्यंत तिथंच उभ्या राहिलो.