डाव्या कोपऱ्यातले देवळे सर

मोरेश्वर देवळे सरांना मी प्रथम पाहिले ते आमच्या अयोध्या नगर वस्तीतल्या कबड्डीच्या मैदानावर. मी नववीत होते. सरांनी नाव विचारले नाही. माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "डाव्या कोपऱ्यात उभी राहा. चढाई करणारीचा चेहरा बघायचा नाही, घोटा बघायचा." आज त्यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त लिहिताना लक्षात येते की, त्यांचा चेहरा मला अजूनही नीट वाचता येत नाही.

सर इथल्या एका कारखान्याच्या संघाचे डावे कोपरारक्षक होते. नोकरीचा हुद्दा फिटरचा, पण त्यांना घेतले होते कबड्डीसाठीच. चढाई करणाऱ्यांची नावे लोकांच्या लक्षात राहतात. पकड कोणी केली, हे फारसे कोणी विचारत नाही. सरांच्या पत्नी शैलाकाकू सांगतात, "पेपरात यांचा फोटो एकदाच आला. त्यातही चेहरा दुसऱ्याचा आणि खाली यांचे दोन हात." सरांनी तो फोटो फ्रेम करून लावला आहे. पुढे व्यावसायिक स्पर्धा सुरू झाल्या, तोवर त्यांचे खेळण्याचे वय संपले होते. एका संघाला बचाव शिकवायला ते दोन हंगाम गेले आणि पुन्हा आमच्या मैदानावर मुलींना शिकवायला आले.

बचावात शेजारच्या दोघी हात धरून साखळी करतात. सरावात सर स्वतः एकीच्या जागी उभे राहत आणि दोन चढाया होईपर्यंत दुसरीचा हात धरून ठेवत.

"सर, हात काय म्हणतोय?" मुली चिडवत.

"म्हणतोय, आज हिने पोहे टाळले."

बहुतेक वेळा ते खरे निघे. कसे, ते मला सांगता येणार नाही.

राज्य संघाच्या निवडीला आठ दिवस उरले असताना माझा उजवा गुडघा दुखू लागला. मी आईलाही सांगितले नाही. मोबाइलवर स्वतःचे चालणे चित्रित करून पाहिले. लंगडणे दिसत नव्हते. त्या संध्याकाळी सरांनी साखळीत माझा हात धरला. दुसऱ्या दिवशी निवडीला जाणाऱ्यांच्या यादीत माझ्या जागी आमच्याच संघातल्या फरहीनचे नाव होते. वयोगटातले माझे ते शेवटचे वर्ष होते.

"सर, माझी गलती काय?"

"गलती नाही, बेटा. गुडघा आहे."

"गुडघ्याला काही झालेलं नाही."

"वळताना तू माझी बोटं दाबतेस. आधी दाबत नव्हतीस."

"बस, एवढ्यावरून?"

"एवढ्यावरूनच."

साकेत नगरच्या डॉक्टरांना लिगामेंट थोडे फाटलेले आढळले. खेळले असते तर काय झाले असते, असे मी विचारले. ते म्हणाले, "कदाचित काहीच नाही. कदाचित पूर्ण तुटलं असतं." नंतरचे तीन महिने सर मला स्कूटरवरून गुडघ्याच्या व्यायामाला नेत आणि बाहेर बाकावर बसून राहत. यादीचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही.

काही वर्षांनी काकूंकडून कळले की सरांनी आपला शेवटचा सामना सुजलेल्या गुडघ्याने खेळला होता. प्रशिक्षकांना सांगितले नव्हते. त्यानंतर ते कधीच खेळू शकले नाहीत. मग त्या संध्याकाळी त्यांनी माझा गुडघा ओळखला, की स्वतःचा आठवला? मी आता मंडीदीपच्या एका कारखान्यात यंत्रांच्या भागांची मापे तपासते. भाग मापात बसतो किंवा बसत नाही. सरांचा तो निर्णय मला अजून कोणत्याही बाजूला ठेवता आलेला नाही.

या लेखासाठी म्हणून गेल्या महिन्यात मी त्यांना सरळ विचारले, "सर, तेव्हा तुमचं बरोबर होतं का?"

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मलाही अजून नाही समजलं, बेटा. तुला समजलं तर सांग."

मला ते समजायला बराच काळ लागेल असे दिसते. तोवर सर असावेत, धडधाकट असावेत आणि रोज मैदानावर यावेत, एवढेच मागते. षष्ट्यब्दीच्या सत्कारासाठीच्या मंचाला पाच पायऱ्या आहेत. मी मोजून आले आहे. सरांचा गुडघा अजून दुखतो आणि ते सांगणार नाहीत. मी त्यांच्या डाव्या बाजूला हात धरून उभी असेन. त्यांनी बोटे दाबली, तर मला कळेल.