बुटातला फोन

जुहूच्या वाळूवर तो रोज सकाळी दिसायचा. बूट काढायचा, बंद केलेला फोन एका बुटात ठेवून वर मोजा कोंबायचा आणि मग गिटार मांडीवर घ्यायचा. नाव मी कधी विचारलं नाही. स्वतःची गाणी बनवून इन्स्टावर टाकतो, एवढंच त्याच्या बोलण्यातून कळलेलं.

"वाजवतोस ते रेकॉर्ड नाही करत?" मी एकदा विचारलं.

"आज सुचलेली धून उद्या आठवली, तरच रेकॉर्ड करून टाकतो. नाही आठवली, तर ती समुद्राची."

वाजवताना त्याचे डोळे अर्धे मिटलेले असायचे. लाट पावलं भिजवून जायची, त्याला पत्ताच नसायचा.

एका सकाळी मात्र तो फोन हातात धरून नुसताच बसलेला.

"कालची धून गेली यार. मस्त होती. आणि बरेच दिवस काही टाकलं नाही ना, की लोक विसरतात."

काल घरी गेल्यावरही ती धून माझ्या ओठांवर होती. मी लाजत, बेसूर का होईना, गुणगुणून दाखवली.

तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग त्याने फोन बंद केला आणि परत बुटात ठेवला.

"अरे, आता तरी टाक की!"

"कशाला? पोचली ना."

ती धून इन्स्टावर कुठेच नाही. कणीक मळताना माझे हात अजून तिच्याच लयीत चालतात.